न दिसणारे दुखणे : मल्टिपल स्क्लेरोसिसमधील थकवा, विचार आणि मन

पायाला प्लास्टर घातलेला माणूस एसटीत चढला, की कोणीतरी उठून त्याला जागा देतो. त्याला काय झाले आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. काही आजार मात्र असे असतात, की त्यांतील सर्वांत त्रासदायक भाग बाहेरून दिसतच नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यांपैकी एक. संक्षेपाने त्याला 'एमएस' म्हणतात. हा मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांचा आजार आहे. पाय लुळे पडणे, तोल जाणे, डोळ्यासमोर धूसर होणे ही त्याची लक्षणे पुष्कळांनी ऐकलेली असतात. परंतु या लेखात आपल्याला विचार करायचा आहे तो त्याच्या दुसऱ्या बाजूचा.

समजा, धर्माबादच्या एखाद्या शाळेत पस्तिशीच्या एक बाई गणित शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले. डोळा हलवला की दुखायचा. महिन्या-दीड महिन्यात ते बरेचसे सुधारले. पुढे सहा-आठ महिन्यांनी कमरेखाली मुंग्या आल्या, पाय जड झाले. नांदेडला जाऊन एमआरआय काढला आणि एमएसचे निदान झाले. औषध सुरू झाले. आज त्या चालतात, बोलतात, फळ्यासमोर उभ्या राहतात. पाहणाऱ्याला त्या ठणठणीत वाटतात. पण चौथ्या तासापर्यंत त्यांना इतका थकवा येतो, की खडू धरलेला हात वर करणे नकोसे होते. हजेरीपटाची बेरीज करताना कोणी मध्येच काही विचारले, तर बेरीज पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ओळखीच्या विद्यार्थ्याचे नाव ओठांवर येऊन अडकते. संध्याकाळी मन उगाच भरून येते. शिक्षककक्षात कोणी म्हणते, "बाईंचं हल्ली कामात लक्षच नाही." घरी सासूबाई म्हणतात, "चार तास शिकवून यायचं, त्यात एवढं थकायला काय झालं?"

या बाई काल्पनिक आहेत. पण त्यांच्या तिन्ही तक्रारी, म्हणजे थकवा, विचारातील अडखळ आणि मनाची उदासी, एमएस असलेल्या माणसांकडून जगभर ऐकू येतात. त्या कोठून येतात, त्या मोजता येतात का आणि त्यांवर काय करता येते, हे आपण क्रमाने पाहू.

तंतूवरचे वेष्टन

नववी-दहावीच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते. पेशीकाय, वृक्षिका आणि एक लांब अक्षतंतू. अनेक अक्षतंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. मेंदूत आणि मेरुरज्जूत हे वेष्टन ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. एकच अशी पेशी आपले फाटे पसरून आसपासच्या अनेक तंतूंना वेढे घालते.

वेष्टन सलग नसते. ठरावीक अंतरावर त्यात फट असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रानव्हिए यांनी १८७० च्या दशकात या फटींचे वर्णन केले, म्हणून त्यांना रानव्हिएच्या गाठी म्हणतात. विद्युत संदेश तंतूवरून सरपटत न जाता एका फटीवरून दुसऱ्या फटीवर जणू उड्या मारत जातो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर असतो. जाड वेष्टनाच्या तंतूत तो सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. आपल्या कवटीत एवढ्या अब्जावधी पेशींचे काम वेळेत चालते, यात या वेष्टनाचा मोठा वाटा आहे.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारसंस्था, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचे, ती या वेष्टनावरच हल्ला करते. ज्या जागी हल्ला होतो तेथे दाह होतो, मायेलिन झडते आणि नंतर व्रण राहतो. व्रणाची जागा कडक होते. 'स्क्लेरोसिस' म्हणजे कडक होणे, आणि असे व्रण अनेक ठिकाणी असतात म्हणून 'मल्टिपल'. काही ठिकाणी नवे वेष्टन चढते, काही ठिकाणी अक्षतंतूच तुटतो. हल्ला कोठे होईल याचा नेम नसल्याने दोन रुग्णांची लक्षणे सारखी नसतात.

प्रतिकारसंस्थेची ही गफलत का होते, याचे संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो, असे त्यात आढळले. मात्र हा विषाणू जगातील बहुतेक सर्व प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना एमएस होतो. म्हणजे विषाणू हा कारणाचा एक भाग आहे. आनुवंशिक घटक आणि इतर गोष्टीही त्याला जोडून याव्या लागतात. एमएस संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो होत नाही. बहुधा तो वयाच्या विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो.

मोजपट्टी चालण्याची

भारतात हा आजार क्वचितच होतो, असे पूर्वी मानले जाई. डॉ. भीम सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई परिसरातील एमएसच्या रुग्णांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. पुढे मुंबई-पुण्यातील पारशी समाजाच्या पाहण्या झाल्या. १९८८ आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहण्यांत दर लाख पारशी लोकांमागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. एकाच शहरात राहणाऱ्या इतर लोकांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त होते. आनुवंशिकतेचा विचार करणाऱ्यांच्या दृष्टीने मुंबईने जगाला दिलेली ही महत्त्वाची माहिती आहे. एमआरआय यंत्रे जिल्ह्याच्या गावी पोहोचल्यापासून भारतातील इतर समाजांतही हा आजार पूर्वी वाटत होता त्यापेक्षा अधिक असल्याचे दिसू लागले आहे.

आता प्रश्न असा, की थकवा आणि विचारातील अडचण एवढी सर्वत्र आढळते, तर तिच्याकडे इतकी वर्षे दुर्लक्ष का झाले? तसे पाहिले तर १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात या आजाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन करणारे डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी रुग्णांची स्मृती दुबळी होते आणि विचार मंदावतो, हे नोंदवून ठेवले होते. पण पुढे शंभर वर्षे वैद्यकाचे लक्ष मुख्यतः हातापायांवर राहिले. १९८३ साली डॉ. जॉन कुर्त्झकी यांनी एमएसमधील अपंगत्व मोजण्यासाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी सुधारून मांडली. आजही ती जगभर वापरली जाते. तिच्या वरच्या अर्ध्या भागातील गुण प्रामुख्याने रुग्ण किती मीटर चालतो, काठी लागते की चाकाची खुर्ची, यावर ठरतात. मोजपट्टी चालण्याची असेल, तर चालू शकणारा माणूस बरा ठरतो. आपल्या उदाहरणातील बाई या पट्टीवर अगदी खालच्या अंकावर येतील.

हे चित्र बदलले ते स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९१ सालच्या अभ्यासाने. त्यांनी रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण न घेता समाजात वावरणारे १०० एमएसग्रस्त लोक घेतले आणि त्यांच्याशी वय, शिक्षण यांत मिळतेजुळते १०० निरोगी लोक. सर्वांना स्मृती, लक्ष, भाषा, विचारशक्ती यांच्या चाचण्या दिल्या. ठरवलेल्या निकषानुसार निरोगी गटात ५ जण कमी पडले, तर एमएसच्या गटात ४८. दोन्हींतील फरक ४३. म्हणजे दहांपैकी सुमारे चौघांच्या विचारप्रक्रियेवर आजाराचा परिणाम झालेला होता. निरोगी गट घेतला नसता तर ४८ चा आकडा तसाच छापला गेला असता. तुलनेसाठी नियंत्रित गट का लागतो, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे.

थकवा म्हणजे दमणे नव्हे

एमएस असलेल्या चारांपैकी साधारण तीन जण थकव्याची तक्रार करतात. अनेकांना तो सर्वांत जाचक वाटतो. शेतात दिवसभर राबल्यावर आपण दमतो, जेवून झोपलो की सकाळी ताजेतवाने होतो. एमएसमधील थकवा तसा नसतो. तो रात्रभर झोपूनही सकाळी असू शकतो, थोड्याशा कामाने येतो आणि केलेल्या श्रमाशी त्याचे प्रमाण जुळत नाही.

याची कारणे एकाहून अधिक आहेत. फ्लू झाल्यावर आपल्याला गळून जायला होते, ते बव्हंशी प्रतिकारपेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे. एमएसमध्ये दाह चालू असताना अशी रसायने मेंदूवर काम करत असतात. दुसरे असे, की एक रस्ता खराब झाला की मेंदू तेच काम दुसऱ्या लांबच्या रस्त्याने करतो. साधे काम करताना एमएसग्रस्त व्यक्तीच्या मेंदूचा अधिक भाग कामाला लागतो, असे मेंदूच्या कार्याची चित्रे घेणाऱ्या अभ्यासांत दिसले आहे. काम होते, पण त्याची किंमत जास्त पडते.

तिसरे कारण उष्णता. धर्माबाद मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते, तसे ते मराठवाड्याच्या उन्हासाठीही ओळखले जावे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० साली नोंदवले, की श्रम केल्यावर काही एमएस रुग्णांची दृष्टी तात्पुरती अंधुक होते. त्यामागे शरीराचे वाढलेले तापमान असते, हे पुढे स्पष्ट झाले. तापमान वाढले की तंतूतील सोडियमच्या आयनांना आत घेणारी दारे लवकर मिटतात आणि प्रत्येक संदेश थोडा लहान होतो. निरोगी तंतूत एवढा तोटा सहज खपतो. वेष्टन झडलेल्या तंतूत मात्र संदेश आधीच कसाबसा पुढे सरकत असतो; शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले, तरी तो वाटेतच विरू शकतो. शरीर थंड झाले की तोच तंतू पुन्हा चालू लागतो. या काळात नवी इजा होत नाही, हे रुग्णाला आणि घरच्यांना सांगितले पाहिजे, कारण अशा वेळी आजार वाढल्याच्या भीतीने सगळेच घाबरतात.

म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत दुपारचा तास घेणे आणि सकाळी साडेसातचा तास घेणे, ही एमएस असलेल्या शिक्षकासाठी दोन निरनिराळी कामे आहेत. "सकाळी तर बऱ्या होत्या" या वाक्यात संशय असतो. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने ते वाक्य अगदी बरोबर आहे.

गाडी उशिरा पोहोचते

रुळांचे काम चालू असलेल्या भागातून आगगाडी हळू सोडतात. गाडी रद्द होत नाही, डब्यांतील माल तोच असतो, पण ती उशिरा पोहोचते. एखादीच गाडी असेल तर फारसे बिघडत नाही. गाड्या लागोपाठ असतील तर मागच्या सगळ्यांचे वेळापत्रक कोसळते. एमएसमध्ये विचाराचे असेच होते. सर्वांत आधी आणि सर्वाधिक लोकांत मंदावतो तो माहिती हाताळण्याचा वेग. शब्दसंपत्ती, सामान्य ज्ञान, भाषेचे आकलन, वर्षानुवर्षांचे व्यावसायिक ज्ञान हे बहुधा चांगले टिकते. बाईंना वर्गसमीकरण येत असते. पण एकाच वेळी समीकरण सोडवायचे, मागच्या बाकावरच्या गडबडीकडे पाहायचे आणि दारात आलेल्या शिपायाची नोटीस ऐकायची, हे जमत नाही.

हा वेग मोजण्याची एक सोपी चाचणी आहे. कागदाच्या वरच्या भागात नऊ खुणा आणि त्यांखाली १ ते ९ हे अंक अशी किल्ली असते. खाली त्याच खुणा उलटसुलट क्रमाने ओळींत छापलेल्या असतात. किल्ली पाहून ९० सेकंदांत जास्तीत जास्त खुणांचे अंक सांगायचे. अंक तोंडी सांगता येत असल्याने हाताच्या कमजोरीचा अडथळा येत नाही. एवढ्या साध्या चाचणीत डोळे, लक्ष, तात्पुरती स्मृती आणि वाणी यांना जलद सहकार्य करावे लागते. म्हणूनच ती एमएसमधील बदल टिपण्यासाठी उपयोगी पडते. शब्दांच्या यादीवर आधारलेल्या चाचण्याही असतात, पण त्या रुग्णाच्या घरच्या भाषेत घ्याव्या लागतात. धर्माबादसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या गावात घरी तेलुगू बोलणाऱ्या व्यक्तीला मराठी शब्दांची यादी दिली, तर स्मृतीऐवजी भाषेचीच परीक्षा होईल.

या चाचणीच्या धर्तीवर वर्गात एक प्रयोग करता येईल. फळ्यावर त्रिकोण, चौकोन, वर्तुळ, फुली अशा नऊ खुणा आणि त्यांचे अंक लिहा. प्रत्येक विद्यार्थ्याला सुमारे शंभर खुणा असलेला कागद द्या आणि ९० सेकंदांत किती अंक बरोबर लिहिले ते मोजा. नंतर किल्ली बदलून नवा कागद द्या. या वेळी तुम्ही मोठ्याने एकेक संख्या वाचत राहा. सातच्या पाढ्यातील संख्या ऐकू आली की प्रत्येकाने डावा हात वर करायचा. बहुतेकांचे गुण घसरतील. पहिल्या खेपेच्या सरावाचा परिणाम निकालात मिसळू नये म्हणून अर्ध्या वर्गाला आधी दुसरा प्रकार द्या आणि मग पहिला. शेवटी वर्गाला विचारा : या दीड मिनिटात तुमची बुद्धी कमी झाली का? एमएस असलेल्या माणसाला शांत खोलीतही असाच जादा भार वाहावा लागतो, हे मग फार समजावून सांगावे लागत नाही. अर्थात हा प्रयोग समजण्यासाठी आहे. त्यावरून कोणाचे निदान करायचे नसते.

विसरण्याबद्दलचा एक निष्कर्ष शिक्षकांना विशेष जवळचा वाटेल. १९९० च्या दशकात जॉन डीलुका आणि सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींना शब्दांची यादी दिली आणि ती पक्की होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. एमएस असलेल्यांना ती शिकण्यासाठी अधिक फेऱ्या लागल्या. पण एकदा पक्की झाल्यावर काही वेळाने विचारले, तेव्हा दोन्ही गटांच्या आठवणीत फारसा फरक उरला नाही. म्हणजे मुख्य अडचण साठवण गळण्याची नव्हती, ती माहिती आत जाण्याची होती. ज्याला आपण 'विसराळूपणा' म्हणतो तो पुष्कळदा अपुरे शिकणे असते. अशा माणसाला "आत्ताच तर सांगितलं!" असे म्हणून उपयोग नाही, सावकाश आणि आणखी दोनदा सांगण्याचा उपयोग आहे.

मनाचे काय?

पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार एमएस असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी नैराश्याचा आजार होतो. एवढा अनिश्चित आजार झाल्यावर माणूस खचणारच, असे आपण म्हणू. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. भावनांचे नियमन करणारे मेंदूतील मार्गही याच वेष्टनातून जातात आणि दाहाची रसायने त्यांवरही परिणाम करतात. आजाराचा झटका आल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे झोप उडू शकते आणि मन अस्थिर होऊ शकते. त्यात घरचे टोमणे, नोकरीची चिंता, लग्न मोडण्याची भीती यांची भर पडते. शरीर आणि परिस्थिती यांपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण नाही; दोन्ही एकाच वेळी काम करतात.

काही रुग्णांत आणखी एक गोष्ट दिसते. आतून दुःख नसताना रडू कोसळते किंवा हसू आवरत नाही. भावना व्यक्त करणाऱ्या यंत्रणेवरील लगाम सैल झाल्याचे हे लक्षण आहे. अंत्ययात्रेत एखाद्याला हसू फुटले तर लोक काय म्हणतील, याची कल्पना आपण करू शकतो. त्यावरही औषध आहे.

येथे अडचण अशी, की हे तिन्ही त्रास एकमेकांचे सोंग घेतात. नैराश्य आलेल्या माणसालाही थकवा येतो आणि त्याचेही लक्ष लागत नाही. थकलेल्या माणसाचा विचार मंदावतो. विचार मंदावला, चारचौघांत चूक झाली, की मन खचते. म्हणून "मला थकवा येतो" या वाक्याचा उलगडा डॉक्टरांनी आणि घरच्यांनी धीराने केला पाहिजे. झोप नीट होते का? रात्री लघवीसाठी चार वेळा उठावे लागते का? रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब१२ जीवनसत्त्व तपासले आहे का? स्नायूंचा ताठरपणा घालवण्याच्या औषधाने सुस्ती येते का? गेले दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, असे आहे का? यांतील पुष्कळ गोष्टींवर स्वतंत्र उपाय आहेत. सगळे एमएसच्या माथी मारले, तर ते उपाय हातचे जातात.

उपाय कोणते

१९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटा या औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर आजाराचे झटके कमी करणारी अनेक औषधे आली. नवे व्रण होऊ न देणे हाच मेंदू जपण्याचा मुख्य मार्ग आहे, म्हणून निदान आणि उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे. पण जी इजा होऊन गेली, ती ही औषधे भरून काढत नाहीत.

थकव्यासाठी डॉक्टर अनेक वर्षे अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही औषधे देत आले. २०२१ साली १४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही तिन्ही औषधे आणि औषध नसलेली गोळी आळीपाळीने देण्यात आली. तिन्हींपैकी एकही औषध त्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्रास मात्र त्यांनी अधिक झाला. एखाद्या रुग्णाला त्यांचा उपयोग होतही असेल, पण सरसकट भरवसा ठेवता येणार नाही. याउलट नियमित, झेपेल इतका व्यायाम आणि विचारांच्या सवयी बदलण्याचे समुपदेशन यांचा थकव्यावर उपयोग होतो, असे अनेक अभ्यासांतून दिसते. पूर्वी एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळण्याचा सल्ला मिळे; आज तो सल्ला मागे पडला आहे. व्यायाम सकाळी थंड वेळी करावा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने वाफेत जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळे मानेवर ओला पंचा, माठातले पाणी, कूलर हे स्वस्त उपाय चांगले काम करतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की ओल्या पंचाचा गुण कमी होतो.

नैराश्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत. 'एमएस आहे म्हणजे उदास वाटणारच' असे समजून ते अंगावर काढू नये. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक असतो, म्हणून जगणे नकोसे झाल्याची भाषा कानावर आली, तर ती गंभीरपणे घ्यावी आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

विचाराच्या अडचणींवर खात्रीचे औषध नाही, पण शिकण्याच्या पद्धती आहेत. नवी माहिती एखाद्या छोट्या गोष्टीत गुंफून, डोळ्यांसमोर चित्र आणून लक्षात ठेवण्याचे प्रशिक्षण दिले, तर एमएस असलेल्यांचे शिकणे सुधारते, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत दिसले. बालवाडीच्या बाई हेच करतात. तसेच मेंदूत सारखीच इजा असली, तरी ज्यांचे वाचन आणि बौद्धिक छंद आयुष्यभर अधिक राहिले, त्यांची विचारशक्ती अधिक टिकलेली आढळते. त्याला मेंदूची शिल्लक म्हणता येईल. शाळा ही शिल्लक जमा करण्याचे ठिकाण आहे.

शाळा काय करू शकते

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही, असे या कायद्याचे २० वे कलम सांगते. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात. एमएस असलेल्या शिक्षकांपैकी किती जणांना हे ठाऊक असते? पुष्कळ जण नोकरी जाईल म्हणून आजार लपवतात आणि आजार लपवला, की सवलत मागता येत नाही. मदतीसाठी मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे; पुण्यातही तिची शाखा आहे.

प्रत्यक्षात लागणाऱ्या सवलती फार खर्चिक नसतात. अवघड विषयाचे तास सकाळी ठेवणे, लागोपाठ तीन तास न देणे, बसून शिकवू देणे, खालच्या मजल्यावरचा वर्ग देणे, सूचना तोंडी न देता चिठ्ठीवर देणे, निकालपत्रके भरण्यासाठी शांत जागा आणि एक दिवस अधिक देणे. मुख्याध्यापकांना यासाठी वरून मंजुरी आणावी लागत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला एमएस असेल, कारण तो कधी कधी किशोरवयातही होतो, तर त्याला परीक्षेत लागणारा जादा वेळ ही मेहेरबानी ठरत नाही. अपंग विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षांसाठी २०१८ साली केंद्राने काढलेल्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा देण्याची तरतूद आहे. आणि विद्यार्थ्याच्या घरी आईला किंवा वडिलांना एमएस असेल, तर घरचे काम त्या मुलाच्या अंगावर पडलेले असते. गृहपाठ राहिल्याचे कारण विचारताना हेही मनात असू द्यावे.

वर्गात रोज आपण वेगालाच हुशारी समजतो. ज्याचा हात आधी वर जातो तो हुशार, ज्याला उत्तर सुचायला वेळ लागतो तो मठ्ठ. एमएसचा अभ्यास सांगतो, की वेग आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतील एक बिघडली तरी दुसरी शाबूत असू शकते. उत्तरासाठी आणखी दहा सेकंद थांबायला शाळेला एक पैसाही लागत नाही. ही दहा सेकंदे एमएस असलेल्यांना लागतात, आणि त्याच वर्गातल्या इतरही पुष्कळांना लागतात.